ओर्व्हिएतो : राखेच्या कातळावरचे पाच दिवस

पहिला दिवस : मंगळवार

रोमच्या तेर्मिनी स्थानकातून सुटलेली आमची प्रादेशिक गाडी साधारण सव्वा तासाने ओर्व्हिएतोजवळ आली, तेव्हा डाव्या हाताच्या खिडकीतून प्रथम दिसला तो कातळ. सपाट माथ्याचा, चहूबाजूंनी ताशीव, तांबूस-पिवळा असा तो खडक पालिया नदीच्या खोऱ्यातून एकदम वर आलेला आहे, आणि त्याच्या कडेला घरे अशी भिडली आहेत की भिंत कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो हे दुरून ओळखू येत नाही. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्यामुळे उंचावरचे कोणतेही गाव दिसले की माझ्या मनात पहिला प्रश्न पाण्याचाच येतो : इथे पाणी कसे चढत असेल, आणि वापरलेले पाणी कुठे जात असेल? फ्लॉरेन्स, व्हेनिस सोडून उंब्रिया प्रांतातल्या या लहानशा गावी मुक्काम करण्याचा हट्ट मी धरला, तो याच प्रश्नासाठी. बरोबर माझी ताई होती. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि तिला इथल्या दुओमोमधली, म्हणजे मुख्य चर्चमधली, भित्तिचित्रे डोळे भरून पाहायची होती. दोघांच्या ओढीची ठिकाणे एकाच कातळावर, थोड्या चालीच्या अंतरावर होती.

कातळाची हकिकत आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी, इथून नैर्ऋत्येला आज जिथे बोल्सेनाचे सरोवर आहे त्या परिसरात ज्वालामुखी जागे होते. त्यांच्यातून उसळलेल्या तापलेल्या राखेचा आणि वायूंचा लोंढा आजूबाजूच्या प्रदेशावर पसरला, थिजला आणि त्याचा दगड झाला. भूशास्त्रात या दगडाला टफ म्हणतात आणि इथले लोक तूफो म्हणतात. तो कुदळीने खणता येईल इतका मऊ, तरीही भिंतीत बसवला की शतकानुशतके टिकणारा आहे. त्याच्या खाली मात्र प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती आहे. पावसाचे पाणी वरच्या सच्छिद्र, भेगाळ दगडातून झिरपत उतरते, मातीच्या थरावर येऊन अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे माणसे माथ्यावर आणि पाणी पायथ्याशी, अशी या गावाची मूळची अडचण आहे. शिवाय ती माती भिजून सरकू लागली की तिच्यावरचा कडाही ढासळतो, ही दुसरी अडचण. ओर्व्हिएतोचा अडीच हजार वर्षांहून जुना इतिहास या दोन अडचणींशी जुळवून घेण्याचा आहे, असे पाच दिवसांनंतर माझे ठाम मत झाले.

स्थानकासमोरच वर जाणारी फ्युनिक्युलर रेल्वे आहे. ती १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. वरच्या डब्याखालच्या टाकीत पाणी भरायचे, त्या वजनाने तो डबा खाली येऊ लागला की दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाचा डबा आपोआप वर चढायचा, आणि खाली पोहोचल्यावर टाकी रिकामी करायची. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. आज दोन-तीन मिनिटांत माणूस वर पोहोचतो. वर उतरल्यावर शेजारीच कार्डिनल आल्बोर्नोस यांनी १३६४ मध्ये उभारायला घेतलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथल्या बागेच्या कठड्यावरून खालचे खोरे, द्राक्षमळे आणि आम्ही ज्या गाडीने आलो त्या लोहमार्गाची रेघ दिसली.

सामान टाकून आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो. कोर्सो काव्हूर हा गावाचा मुख्य रस्ता, आणि त्यावर सत्तेचाळीस मीटर उंचीचा मोरो मनोरा आहे. तिथून दुओमोकडे वळणारी गल्ली अरुंद आणि सावलीची होती. तिच्या टोकाला एका जुन्या बुरुजावर चौदाव्या शतकातला काशाचा माणूस उभा आहे. गावकरी त्याला मौरित्सिओ म्हणतात आणि तो हातोड्याने घंटेवर तास वाजवतो. त्याचे ठोके ऐकत पुढे आलो, गल्ली संपली, आणि समोर मावळतीच्या उन्हात दुओमोचा दर्शनी भाग अक्षरशः पेटल्यासारखा दिसला. हा भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि त्यावरच्या मोझेइकमध्ये सोनेरी तुकडे आहेत. ताई काही बोलली नाही. चौकातल्या दगडी बाकावर बसून ऊन जाईपर्यंत आम्ही ते पाहत राहिलो.

दुसरा दिवस : बुधवार

सकाळी दुओमोची दारे उघडल्यावर आत जाण्याऐवजी मी आधी बाजूने फिरलो. बाजूच्या भिंतींत पांढऱ्या आणि काळ्या दगडांचे एकाआड एक थर आहेत. पांढरा ट्रॅव्हर्टाइन आणि काळा बेसॉल्ट. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, ज्यात वेरूळ कोरले गेले आणि ज्याच्या चिऱ्यांनी सह्याद्रीतले किल्ले बांधले गेले. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला काही लाख वर्षांचा, एवढे अंतर असले तरी हाताला तो तसाच गार आणि घट्ट लागला.

या चर्चची पायाभरणी पोप निकोलस चौथे यांच्या हस्ते १२९० साली झाली. त्यामागची श्रद्धा अशी सांगतात : १२६३ मध्ये प्रागहून रोमच्या यात्रेला निघालेला एक धर्मगुरू बोल्सेना गावी थांबला. प्रसादाची भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते का, अशी शंका त्याला छळत होती. पूजाविधी चालू असताना त्याच भाकरीतून रक्त ठिबकले आणि खालचे तागाचे वस्त्र भिजले. पोप अर्बन चौथे तेव्हा ओर्व्हिएतोत राहत होते, म्हणून ते वस्त्र इकडे आणले गेले. १२६४ साली त्यांनी इथूनच कॉर्पस डोमिनी, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा, या सणाची आज्ञा काढली, आणि त्या सणाची उपासना रचण्याचे काम थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्याकडे आले असे परंपरा मानते. ते वस्त्र आजही डाव्या बाजूच्या कपेलात, म्हणजे उपासना-दालनात, जपून ठेवले आहे. सिएनाचा सोनार उगोलिनो दी व्हिएरी याने १३३८ च्या सुमारास त्याच्यासाठी मीनाकामाची चांदीची पेटी घडवली. सणाच्या दिवशी वस्त्राची गावातून मिरवणूक निघते.

दर्शनी भागाचा कर्ता लोरेंझो माइतानी. तो १३१० मध्ये इथे प्रमुख म्हणून नेमला गेला आणि १३३० मध्ये मृत्यू येईपर्यंत याच कामावर राहिला. त्याच्या नेमणुकीचे एक कारण केवळ बांधकामाचे होते. चर्चच्या भिंतींच्या भक्कमपणाविषयी चिंता निर्माण झाली होती आणि त्याने बाहेरून आधाराचे टेकू दिले. दारांच्या दोन्ही अंगांना चार रुंद खांब आहेत आणि त्यांवर संगमरवरात सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा कोरली आहे. पहिल्या खांबावर निजलेल्या आदमची फासळी काढली जात आहे, आणि त्याच्या शरीराची शिथिलता इतकी खरी आहे की आपणही नकळत हळू बोलू लागतो. शेवटच्या खांबाच्या तळाशी नरकात ओढले जाणारे लोक आहेत. कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होते. चौकातून जाणाऱ्याला ते अगदी जवळून, मान वर न करता पाहता येते.

आतले उजवीकडचे सान ब्रित्सिओ कपेला हे ताईच्या प्रवासाचे खरे ठिकाण होते. १४४७ मध्ये फ्रा आंजेलिको या साधू चित्रकाराने त्याच्या छताचे काम सुरू केले, पण तो एका मोसमानंतर परतला आणि पुढे अर्धे शतक काम पडून राहिले. १४९९ साली चर्चच्या व्यवस्थापकांनी लुका सिन्योरेल्लीला बोलावले, आणि त्याने १५०४ पर्यंत छत व भिंती पूर्ण केल्या. विषय जगाचा अंत. एका भिंतीवर ख्रिस्तविरोधी पुरुष प्रवचन देत आहे. त्याचा चेहरा ख्रिस्तासारखाच आहे आणि मागून सैतान त्याच्या कानात शब्द पुटपुटत आहे. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या वस्त्रांत दोघे उभे आहेत. पुढचा स्वतः सिन्योरेल्ली आणि मागचा फ्रा आंजेलिको. आपल्या आधी काम सुरू करून गेलेल्या माणसाला आपल्या शेजारी उभे करणे, ही गोष्ट ताईला फार भावली. ती पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्याकडे येत होती.

दुसऱ्या भिंतीवर मृतांचे पुनरुत्थान आहे. पांढऱ्याफटक जमिनीतून माणसे वर येत आहेत. कुणाची फक्त कवटी बाहेर आली आहे, कुणी हातांवर भार देऊन स्वतःला उपसून काढतो आहे, कुणी पूर्ण देहाने उभा राहून शेजारच्याला मिठी मारतो आहे, आणि एका बाजूला अजून मांस न चढलेले सांगाडे वाट पाहत उभे आहेत. देहाचा इतका अभ्यास करून इतक्या धिटाईने तो भिंतीवर आणणारे त्या काळी विरळाच. मायकेलअँजेलोने हे काम वाखाणले होते असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवले आहे, आणि सिस्टीन कपेलातला मायकेलअँजेलोचा अंतिम न्याय पाहिलेल्याला त्यात काही नवल वाटणार नाही. आम्ही दोन तास तिथे होतो. मला चित्रकलेतले फारसे कळत नाही, पण जमिनीतून वर येणारी ती माणसे पोकळ जमिनीच्या याच गावात रंगवली गेली, हा योगायोग मला विसरता येत नाही.

रात्री एका लहान खानावळीत उंब्रिकेल्ली खाल्ली. अंडे न घालता, नुसत्या पिठापाण्याची, हाताने वळलेली ही जाड शेवई काळ्या भूछत्राबरोबर, म्हणजे ट्रफलबरोबर, देतात. ताई शाकाहारी. ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द तिने पाठ केले होते, आणि हरभऱ्याचे सूप, मसूर, ऑलिव्ह तेलात परतलेल्या कडवट भाज्या यांवर तिचे उत्तम चालले.

तिसरा दिवस : गुरुवार

गुरुवार आणि शनिवार हे पियात्सा देल पोपोलोमधल्या बाजाराचे दिवस. चीज, चेस्टनट, कांदे, मोजे, झाडांची रोपे, सगळे एकाच चौकात. आम्ही थोडी द्राक्षे घेतली आणि सान पात्रित्सिओच्या विहिरीकडे निघालो.

मे १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेबंद सैन्याने रोम लुटले. पोप क्लेमेंट सातवे अनेक महिने सांतांजेलो किल्ल्यात अडकून पडले, आणि डिसेंबरमध्ये वेष पालटून निसटले ते ओर्व्हिएतोला आले. हा कातळ शत्रूला चढून येण्यासारखा नव्हता, पण वेढा पडला तर माथ्यावर पाणी पुरणार नाही, ही जुनी उणीव होती. म्हणून त्यांनी थोरल्या आंतोनिओचा भाचा, वास्तुविशारद धाकटा आंतोनिओ दा सांगाल्लो याला विहीर खणायला सांगितले. काम दहा वर्षे चालले. क्लेमेंट १५३४ मध्ये वारले आणि विहीर पुढच्या पोपच्या काळात, १५३७ मध्ये पुरी झाली. ज्याच्या भयातून ती जन्मली, त्याला तिचे पाणी लाभले नाही.

विहीर सुमारे त्रेपन्न मीटर खोल आणि तेरा मीटर व्यासाची आहे. मध्ये मोकळे गोल विवर आणि त्याभोवती एकावर एक गुंफलेले दोन स्वतंत्र चक्री उतार. प्रत्येकाचे दार वेगळे. पाणी आणणारी खेचरे एका उताराने खाली जात, तळाशी पाण्यावरचा लहानसा पूल ओलांडत आणि दुसऱ्या उताराने वर येत, त्यामुळे भरलेल्या पखालींचे खेचर आणि रिकाम्या पखालींचे खेचर कधीही समोरासमोर येत नसे. पायऱ्या २४८, पण रुंद आणि इतक्या कमी उंचीच्या की जनावराचा पाय अडखळू नये. आतल्या भिंतीला सत्तरच्या आसपास खिडक्या आहेत आणि वरचा उजेड त्यांतून पायऱ्यांवर पडतो. उतरताना समोरच्या खिडकीतून दुसऱ्या उतारावरची माणसे दिसतात, त्यांना हात करता येतो, पण त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मी भिंतीला हात लावत उतरलो. वरच्या भागात कापलेला तूफो आहे. खाली जिथे चिकणमाती लागते, तिथे विटांचे अस्तर सुरू होते. मातीतून विहीर खणताना बाजू ढासळू न देणे हे किती कठीण असते, ते हे काम केलेल्यालाच ठाऊक. आजही आपण त्यासाठी काँक्रीटच्या कड्या उतरवतो. चारशे नव्वद वर्षांपूर्वी विटा आणि चुन्याच्या बळावर हे केले गेले आणि ते तसेच उभे आहे. तळाच्या पुलावर उभा राहून वर पाहिले तेव्हा आकाशाचा तुकडा परातीएवढा दिसत होता. वर येताना प्रवेशद्वारावरचा लॅटिन लेख वाचला. त्याचा अर्थ असा, की निसर्गाने या दुर्गाला जे नाकारले होते, ते उद्यमाने मिळवून दिले. माझ्या नोकरीत मी अनेक पाणीयोजनांचे दगड पाहिले, पण इतका नेमका मजकूर कुठे पाहिला नाही. इटालियन भाषेत आजही कधी न आटणाऱ्या साठ्याला सान पात्रित्सिओची विहीर म्हणतात.

दुपारी गावाखालच्या गुहा पाहिल्या. दुओमोच्या चौकातून वाटाड्याबरोबर फेरी निघते. या कातळात माणसाने खणलेल्या बाराशेच्या आसपास पोकळ्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि फेरीत त्यांतल्या मोजक्याच दाखवतात. घर बांधायला दगड हवा तर तो घराखालूनच काढायचा आणि झालेली पोकळी तळघर म्हणून वापरायची, अशी रीत होती. एका गुहेत ऑलिव्हचे तेल काढण्याचा जुना घाणा आहे, दुसरीत कड्यावर उघडणाऱ्या खिडकीपाशी भिंतभर चौकोनी कोनाडे आहेत. ही कबुतरांची खुराडी. कबुतरे दिवसभर बाहेर चरत, पाणी पीत आणि रात्री घरट्यात परतत, म्हणजे वेढ्याच्या काळातही मांस घरपोच मिळे. वाईन गुहांच्या गारव्यात मुरत असे, आणि थंडीमुळे आंबण्याची क्रिया अर्धवट राहून तिच्यात गोडी उरत असे. जुनी ओर्व्हिएतो वाईन गोडसर होती ती यामुळे.

पण मला खिळवून ठेवले ते एट्रस्कन विहिरींनी. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या या लोकांनी कातळात अरुंद आयताकृती विवरे सरळ खाली नेली आहेत. दोन समोरासमोरच्या बाजूंना ठराविक अंतरावर पाय रोवण्यासाठी खोबणी आहेत. माणूस दोन्ही बाजूंना पाय फाकून, खोबणीत टेकवत उतरायचा आणि खाली खणत जायचा. वाटाड्याने दिवा आत धरला तेव्हा त्या खोबणींची रांग अंधारात नाहीशी होताना दिसली.

उरलेल्या उजेडात आम्ही कड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या पाच किलोमीटरच्या पायवाटेचा एक भाग चाललो. वर गाव, खाली द्राक्षमळ्यांचे उतार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या कड्याच्या मोठ्या दरडी कोसळल्या, आणि गाव वाचेल की नाही असा प्रश्न उभा राहिला. इटलीच्या संसदेने १९७८ मध्ये ओर्व्हिएतोचा कातळ आणि उंब्रियातल्याच तोदी या गावाची टेकडी यांच्या मजबुतीसाठी खास कायदा केला आणि १९८७ मध्ये त्याला जोड देणारा दुसरा. कातळात पोलादी गज रोवले गेले, भेगा भरल्या गेल्या, पायथ्याचे ओढे बांधून काढले. या सगळ्याइतकेच महत्त्वाचे काम मात्र रस्त्यांच्या फरशीखाली झाले. जुनी गळकी गटारे आणि नळ यांतून पाणी सतत कातळात मुरत होते, म्हणून सगळ्या गावाचे जलवाहिन्यांचे आणि मैलापाण्याचे जाळे नव्याने घातले गेले. पर्यटक दुओमो पाहायला येतो आणि त्याने तेच पाहावे. परंतु तो दुओमो ज्या खडकावर उभा आहे, तो जागेवर राहिला यात नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा आणि गटारांचे उतार मोजणाऱ्या अभियंत्यांचा वाटा आहे, आणि त्यांची नावे कोणत्याही खांबावर कोरलेली नाहीत. मी हे ताईला जरा आवेशाने सांगितले. ती म्हणाली, “मग तू लिही की त्यांच्याबद्दल.”

चौथा दिवस : शुक्रवार

आज भाड्याची मोटार ठरवून आम्ही शेजारच्या लात्सिओ प्रांतात, चिविता दी बान्योरेज्यो आणि बोल्सेना पाहायला गेलो. आमचा चालक त्याच भागातला, वयाने आमच्याएवढा. इटालियन आणि खाणाखुणा यांवर आमचा संवाद बरा चालला.

बान्योरेज्योच्या टोकाला असलेल्या सज्जावर उभे राहिलो आणि काल जे कानांनी ऐकले ते डोळ्यांनी दिसले. दरीच्या मधोमध तूफोचा एक सुळका, त्यावर मूठभर घरे आणि एक घंटाघर, आणि चहूबाजूंना ओकीबोकी, धारदार कण्यांची, राखी रंगाची चिकणमातीची घळई. या घळींना कालांकी म्हणतात. ओर्व्हिएतोसारखाच दगड आणि तशीच माती, पण कातळ फार लहान आणि दोन्ही बाजूंचे ओढे त्याचा पाया कुरतडणारे. एके काळी चिविता आणि बान्योरेज्यो यांना जोडणारी जमीन होती, ती झिजून गेली. १६९५ च्या भूकंपानंतर गावाचा कारभार बान्योरेज्योला हलला आणि हळूहळू माणसेही हलली. इथल्याच बोनाव्हेंतुरा तेक्की या लेखकाने चिविताला ‘मरणारे गाव’ म्हटले आणि ते नाव चिकटले. आजचा सुमारे तीनशे मीटरचा पादचारी पूल १९६५ चा. २०१३ पासून पुलावर जायला तिकीट आहे. कायम राहणारे लोक दहा-बारा.

पूल चढून सांता मारिया दरवाजातून आत गेल्यावर समोर एक देखणी प्रबोधनकालीन भिंत दिसली. तिच्या खिडक्यांच्या चौकटी शाबूत आहेत, पण खिडक्यांतून दिसते ते आकाश. मागचा वाडा दरीत गेला आहे. तेराव्या शतकातले थोर फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ संत बोनाव्हेंतुरा यांचा जन्म याच गावातला. त्यांचे घर जिथे होते तो भागही कड्याबरोबर कोसळला आहे. सान दोनातो चर्चच्या पुढचा चौक फरशीविना, मातीचाच आहे, आणि दारांशी जिरेनियमच्या कुंड्या इतक्या आहेत की आपण एखाद्याच्या अंगणात आलो असे वाटते. बाहेरचे प्रवासी छायाचित्रे काढून लगबगीने परतत होते. आम्ही आलेमान्नी वाड्यातले भूशास्त्र आणि दरडींचे संग्रहालय निवांत पाहिले. गाव कसे झिजते, कोणत्या वर्षी कोणता कडा गेला, आणि आता कुठे कोणती उपकरणे हालचाल मोजत आहेत, हे त्यात मांडले आहे. स्वतःच्या क्षयाची इतकी प्रामाणिक नोंद ठेवणारे गाव मी दुसरे पाहिले नाही. ‘मरणारे गाव’ या नावाला माझा आक्षेप आहे तो याच कारणाने. रोज मोजमाप ठेवणारे गाव जगण्याची खटपट करत असते.

बोल्सेनाच्या वाटेवर चालकाने आम्ही न विचारता रस्त्याच्या कडेला मोटार थांबवली. समोर षट्कोनी दगडी स्तंभांचा कडा होता, लाकडाच्या मोळ्या आडव्या-तिरप्या रचाव्यात तसा. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला अशा भेगा पडतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. इथे त्यांना ‘फेकलेले दगड’ अशा अर्थाचे नाव आहे.

बोल्सेनाचे सरोवर ११४ चौरस किलोमीटरचे, दीडशे मीटरपर्यंत खोल, आणि खचलेल्या ज्वालामुखीच्या पोटात साठलेले. काठाची वाळू काळसर आहे, पाणी इतके स्वच्छ की पायांखालचे खडे मोजता यावेत. दोन बेटांपैकी मार्ताना या बेटावर ऑस्ट्रोगॉथ या जर्मानिक टोळीची राणी आमालासुंथा ५३५ साली मारली गेली. सांता क्रिस्तिना चर्चमध्ये १२६३ च्या त्या घटनेतले रक्ताचे डाग पडलेले म्हणून पूजले जाणारे दगड आहेत. ताईने तिथे बराच वेळ काढला. मी काठावर बसून हिशेब जुळवत होतो. ओर्व्हिएतोचा कातळ या ज्वालामुखींनी दिला, दुओमोला कारण झालेले वस्त्र याच काठावरून गेले, आणि इ. स. पू. २६४ मध्ये रोमनांनी एट्रस्कनांचे वेल्झ्ना, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते आजचे ओर्व्हिएतो, उद्ध्वस्त केले तेव्हा उरलेल्या लोकांना त्यांनी आणून वसवले तेही इथेच. त्या लुटीत रोमनांनी दोन हजार पुतळे नेले, असे रोमन लेखक प्लिनीने नमूद केले आहे.

पाचवा दिवस : शनिवार

तोदीला गेलो ते त्या १९७८ च्या कायद्यात त्याचे नाव आहे म्हणून. वाट तिबेर नदीवरच्या कोर्बारा जलाशयाच्या कडेने जाते आणि फार सुंदर आहे. तोदीचा मुख्य चौक तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या तीन वाड्यांनी आणि कॅथीड्रलने वेढलेला आहे. त्या चौकाच्या फरशीखाली रोमन काळातल्या पाण्याच्या टाक्या आहेत. आम्ही त्यांत उतरलो. कमानींची छते, भिंतींना जाड गिलावा, आणि वर चाललेल्या बाजाराचा आवाज खाली मुळीच येत नाही. गावाबाहेरचे सांता मारिया देल्ला कोन्सोलात्सिओने हे चर्च १५०८ ते १६०७ असे शंभर वर्षे बांधले गेले. चारही बाजूंनी जवळजवळ सारखेच, मध्ये घुमट. आत पांढरा उजेड होता आणि दुसरे कुणी नव्हते. गावाविषयी याहून जास्त सांगण्याइतका वेळ आमच्यापाशी नव्हता.

रविवार : निघताना

गाडी दुपारची होती. सकाळी खोऱ्यात दाट धुके भरले होते आणि कातळाचा माथा तेवढा वर तरंगत होता. धुके विरू लागल्यावर आम्ही उतरून कड्याच्या उत्तर पायथ्याशी असलेल्या क्रोचिफिस्सो देल तूफो या एट्रस्कन दफनभूमीत गेलो. इ. स. पू. सहाव्या शतकातल्या तूफोच्या चिऱ्यांच्या खोल्या काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्यांत ओळीने बांधल्या आहेत. जिवंतांच्या गावात नसेल इतकी शिस्त इथे आहे. प्रत्येक खोलीला ठेंगणे दार, आत दोन भिंतींना लागून दगडी बाक, आणि दारावरच्या चिऱ्यात उजवीकडून डावीकडे कोरलेला एका ओळीचा लेख. त्या लेखाची सुरुवात ‘मी’ या शब्दाने होते. एट्रस्कन भाषेत ‘मी’ म्हणजे मीच. ती भाषा आपल्या भाषांच्या कुळातली नाही, पण हा शब्द आपल्याला भाषांतराशिवाय कळतो. दगड स्वतःच बोलतो, की मी अमुक घराण्यातल्या अमक्याची.

ताई एका दारापाशी वाकली आणि तिने लेखाजवळून, दगडाला न शिवता, बोट उलट्या दिशेने नेले. पहिली दोन अक्षरे तिला लागली. पुढचे नाव लावण्याचा प्रयत्न ती वरच्या रस्त्यावरून घंटेचे बारा ठोके ऐकू येईपर्यंत करत राहिली, आणि मग आम्ही स्थानकाकडे चालू लागलो.